कला दिग्दर्शक आणि मंडळी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’वर एक निबंध लिहिला होता. विषय होता इटालियन नववास्तववाद आणि भारतीय चित्रपट. तुलनात्मक साहित्याच्या विद्यार्थ्यांना असले विषय फार आवडतात. दोन टोकांना दोन देश ठेवले की मधली जागा आपोआप भरून निघेल असं त्या वयात वाटतं. निबंधात मी काशीतल्या घराच्या चौकावर दीड पान खर्च केलं होतं. हरिहर, सर्वजया आणि अपू ज्या घरात राहतात त्या घराचा तो कोंदट चौक आणि त्यात वरून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड. असा उजेड स्टुडिओत तयार होऊच शकत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या दगडी भिंतींचाच उजेड आहे, असं मी ठासून लिहिलं होतं. राय ‘रचत’ नाहीत, ‘शोधतात’, हा माझा निष्कर्ष. आमच्या सरांनी समासात पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.

तो चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधलेला होता. हे मला पुष्कळ वर्षांनी, छायाचित्रकार सुब्रत मित्र यांच्याविषयी वाचताना कळलं. कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांचा मूळ बेत चौक उघड्यावर बांधण्याचा होता. पावसाळा तोंडावर आला आणि त्यांनी तो स्टुडिओच्या छताखाली हलवला. मित्र यांनी राय आणि चंद्रगुप्त दोघांशीही वाद घातला, की आकाशातून येणारा बिनसावलीचा उजेड छताखाली आणता येणार नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी चौकाच्या वर पांढरं कापड ताणलं, दिव्यांचा झोत थेट खाली न सोडता त्या कापडावर मारला आणि परतून येणारा उजेड चौकात उतरवला. बाउन्स लायटिंगची ही गोष्ट सिनेमाच्या वर्गात नेहमी सांगतात, पण छायाचित्रणाच्या तासाला. तिची सुरुवात कला विभागातल्या एका माणसाने आभाळाकडे पाहून बदललेल्या बेतात आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

माझ्या दीड पानातलं एकच विधान खरं निघालं: तो उजेड सावली पाडत नाही.

हा जुना निबंध आठवण्याचं कारण असं की, गेल्या वर्षी एका प्रकाशकाने चित्रपटनिर्मितीवरचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे अनुवादाला दिलं. कला विभागावरच्या प्रकरणात वंशावळीसारखा एक तक्ता होता. सर्वांत वर प्रॉडक्शन डिझायनर. त्याखाली आर्ट डायरेक्टर, त्याचे सहायक, नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन, छोट्या प्रतिकृती करणारे, दुकानाच्या पाट्यांपासून नायकाला आलेल्या तारेपर्यंत सगळा छापील-लेखी मजकूर तयार करणारा ग्राफिक डिझायनर. एका फांदीवर सेट डेकोरेटर, त्याच्यासाठी बाजार पालथा घालणारा खरेदीवाला आणि सामान हलवणाऱ्यांचा मुकादम. दुसऱ्या फांदीवर प्रॉप मास्टर. तिसरीवर सगळं बांधकाम: सुतार, प्लास्टरवाले, रंगारी, आणि रंगाऱ्यांहून वेगळे असे सीनिक आर्टिस्ट, जे लाकडाला संगमरवर करतात. झाडं, गवत, पालापाचोळा पाहणारा ग्रीन्समन. शेवटी स्टँडबाय नावाचं एक पद, ज्याच्याकडे पुढे येते.

मी दोन आठवडे या तक्त्याशी झगडून तो मराठीत आणला. संपादकांकडून हस्तलिखित परत आलं तेव्हा समासात लिहिलं होतं, ‘एवढी पदं मराठी वाचकाला कशाला? कला दिग्दर्शक आणि सहकारी, एवढं पुरे.’

मला संपादकांचा राग आला नाही. मराठीत चित्रपटावर लिहिणारे आपण सगळे हेच करत आलो आहोत. परीक्षणाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘छायाचित्रण, संकलन, कला दिग्दर्शन यांची उत्तम साथ’ असं म्हणायचं आणि पुढे जायचं. ‘साथ’ हा शब्द गायनाच्या मैफलीतून आला आहे. पण मैफलीचं परीक्षण करणारा निदान तबल्यावर कोण होतं हे तरी सांगतो. आपल्याकडे ‘आणि मंडळी’ म्हणून भागतं. या पदांमध्ये चित्रपट वाचण्याची एक रीत दडलेली आहे, आणि ती गाळली की डोळ्यांसमोरच्या काही गोष्टी दिसतच नाहीत, असं मला हा तक्ता उतरवताना वाटू लागलं. माझा चौक हा त्याचा पुरावा.

एकच भेद घेते. अमेरिकी पद्धतीत सेट डेकोरेटर आणि प्रॉप मास्टर या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, आणि त्यांच्या कामाची हद्द ठरवणारा नियम ढोबळमानाने असा आहे: नट ज्या वस्तूला हात लावतो ती प्रॉप, जी नुसती असते ती ड्रेसिंग. फडताळातला कंदील तिथेच राहिला तर तो डेकोरेटरचा. नायिकेने तो उचलला की तो प्रॉप मास्टरचा, मग त्याच्या काचेपासून वातीपर्यंत सगळी जबाबदारी त्याची. मला हा नियम वाचून व्याकरण आठवलं. विशेषण असलेली वस्तू हात लागताच क्रियापद होते.

आता हा नियम हातात धरून ‘चारुलता’ची (1964) सुरुवात पाहा. जवळपास शब्दांशिवाय चालणारा तो भाग सगळ्यांना ठाऊक आहे. चारू रुमालावर ‘बी’ हे अक्षर भरते आहे. मग ती उठते, पुस्तकांच्या कपाटाशी जाते, बंकिमचंद्रांचं नाव गुणगुणत एक पुस्तक काढते. बाहेरून आवाज येतो. ती खिडकीच्या झडपा बोटांनी उघडून रस्त्याकडे पाहते, मग आत जाऊन दांडीचा चश्मा, लॉर्न्येट, घेऊन येते आणि एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे पळत रस्त्यावरच्या माणसांचा पाठलाग करते. शेवटी नवरा भूपती पुस्तकात डोकं घालून शेजारून निघून जातो, आणि ती त्यालाही त्या चश्म्यातून पाहते.

या प्रसंगावर लिहिणारे एकटेपणाबद्दल लिहितात, नजरेबद्दल लिहितात. मीही लिहिलं आहे. पण आता मोजून पाहा, किती वस्तू ‘असण्या’तून ‘होण्या’त येतात. कपाट भरून पुस्तकं आहेत, ती भूपतीच्या घराची श्रीमंती आणि अभिरुची सांगतात, ती ड्रेसिंग. त्यातलं एक तिच्या हातात येतं, तेव्हा ते तिच्या दुपारीचं होतं. खिडकी तर बांधकामाची, सुताराची. ती प्रॉप कधीच नसते. पण झडपांची पट्टी बोटाने उचलली जाते, आणि भिंतीचाच एक भाग हातातली वस्तू होतो. घरभर एवढं सामान, आणि या बाईच्या हाताला लागणारं किती थोडं! सुई, पुस्तक, झडप, चश्मा. भूपतीचा छापखाना, त्याची वर्तमानपत्रं हे सगळं याच घरात आहे आणि इथे तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर आहे. वस्तू कुणाच्या हाताला लागतात आणि कुणाला नुसत्या पाहाव्या लागतात, यावर हा प्रसंग उभा आहे. हे मला रायांवरच्या कुठल्या ग्रंथाने शिकवलं नाही, दोन नोकऱ्यांमधल्या हद्दीने शिकवलं. हे घरही चंद्रगुप्तांनी स्टुडिओत बांधलेलं. रायांच्या छोट्या युनिटमध्ये अमेरिकी तक्त्यातल्या सगळ्या पाट्या नसणार, हे उघड आहे. पण पाटी नसली तरी काम असतंच, आणि ते काम हद्दी पाळून विचार करतं.

चंद्रगुप्त बंगाली नव्हते. काश्मीरहून कलकत्त्याला आलेले, चित्रकार व्हायला निघालेले. ज्याँ रेन्वार ‘द रिव्हर’साठी बंगालमध्ये आले, तेव्हा त्यांच्या युनिटमध्ये युजीन लूरिए यांच्या हाताखाली त्यांना हे काम शिकायला मिळालं. दुसऱ्याच्या घरात कोणती वस्तू कुठे ठेवलेली असते हे बाहेरून येऊन शिकायचं, आणि मग ती अशी ठेवायची की त्या घरातल्या माणसाला खटकू नये. दुसऱ्याच्या भाषेत तीस वर्षं घालवलेल्या मला हे वाचून काय वाटलं असेल ते सांगत बसत नाही.

मराठी नावांचा प्रश्न मात्र सुटला नाही, आणि त्यात माझा निम्मा उन्हाळा गेला. ‘सेट डेकोरेटर’ला ‘सजावटकार’ करावं तर आपल्याकडे ‘मुखपृष्ठ व सजावट’ ही दिवाळी अंकाची ओळ आहे. वाचकाला पानावरची रेखाचित्रं आठवतील. ‘आरास’ म्हणावं तर गणपती आले. शिवाय आरास पाहावी म्हणून केलेली असते, आणि ड्रेसिंग हे पाहिल्यासारखं न वाटता पाहिलं जायला हवं. ‘प्रॉप’साठी नाटकवाले ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. तो शब्द छापला की वाचकापुढे सातबारा उभा राहतो. ड्रेसिंगला शेवटी मी ‘मांडामांड’ ठेवलं. आई पाहुणे येण्याआधी जे करायची ते.

सर्वांत वरचं पद सर्वांत अवघड निघालं. ‘प्रॉडक्शन डिझायनर’ ही पदवी 1939 सालच्या ‘गॉन विथ द विंड’मुळे रूढ झाली. निर्माता डेव्हिड सेल्झनिक यांनी विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांच्यासाठी ती वापरली, कारण मेंझीस नुसते सेट काढत नव्हते. चित्रपटाची दृश्यं, रंग, चौकटी आधी कागदावर बसवत होते. त्याच चित्रपटाचे आर्ट डायरेक्टर लाइल व्हीलर होते आणि ऑस्कर त्यांना मिळालं. मेंझीस यांना वेगळा सन्मान दिला गेला. त्यानंतर हळूहळू ‘आर्ट डायरेक्टर’ हा शब्द एक पायरी खाली उतरला. ऑस्करच्या विभागाचं नावही 2012 मध्ये बदलून ‘प्रॉडक्शन डिझाइन’ झालं, आणि ते पारितोषिक सेट डेकोरेटरबरोबर वाटून दिलं जातं, हे आपल्या वर्तमानपत्रांत क्वचितच येतं.

याचा अर्थ 1956 च्या ‘अपराजितो’चा ‘आर्ट डायरेक्टर’ हा विभागाचा सर्वेसर्वा आहे, आणि आजच्या एखाद्या मोठ्या चित्रपटाचा ‘आर्ट डायरेक्टर’ हा दुसऱ्याच्या आराखड्याची अंमलबजावणी करणारा. शब्द तोच. इथे शब्दकोश मिटून चित्रपटाचं साल पाहावं लागतं. नावाच्या उलट्या खेळाचंही एक उदाहरण आहे. एमजीएमचे सेड्रिक गिबन्स यांच्या करारातच असं होतं की, स्टुडिओच्या चित्रपटांवर आर्ट डायरेक्टर म्हणून त्यांचं नाव लागेल. ते सुमारे दीड हजार चित्रपटांवर लागलं. एका माणसाने दीड हजार चित्रपटांचे सेट उभे केले असं मानायला मन धजत नाही. त्या नावाखाली अख्खा विभाग बसलेला आहे. म्हणजे ‘आणि मंडळी’ तिथेही होतीच, तिथे फक्त ‘आणि’ गाळलेला होता.

शेजारच्या भाषांकडे पाहून फारशी मदत झाली नाही, मजा मात्र आली. बंगालीत शिल्पनिर्देशक म्हणतात, आणि बंगालीत ‘शिल्प’ म्हणजे कला आणि उद्योग दोन्ही. मराठीत आणलं तर पुतळा उभा राहतो. मल्याळममध्ये कलासंविधान म्हणतात. ते मी आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मुलाने विचारलं, त्याचं कलम कितवं?

आपला स्वतःचा शब्द खरं तर ‘नेपथ्य’. संस्कृत नाटकात तो पडद्यामागच्या जागेचा, आणि वेशभूषेचाही. मराठी रंगभूमीने तो समोर दिसणाऱ्या रचनेला दिला. जाहिरातीत ‘नेपथ्य’ म्हणून ज्याचं नाव येतं त्याचं काम पडदा उघडताच सर्वांत आधी दिसतं. असा उलटा झालेला शब्द दुसरा मला आठवत नाही. पण नाट्यशास्त्राकडे गेलं तर आणखी काही सापडतं. आहार्य अभिनयाच्या अध्यायात नेपथ्याचे चार भाग केले आहेत: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. पुस्त म्हणजे डोंगर, वाहन, प्रासाद अशा गोष्टींच्या कृत्रिम रचना, आणि त्यांचेही प्रकार कृतीवरून पाडले आहेत: जोडून केलेल्या, यंत्राने चालणाऱ्या, गुंडाळून केलेल्या. संजीव म्हणजे रंगमंचावर प्राण्यांचा प्रवेश. आणि शेवटाकडच्या एका अध्यायात नाट्यमंडळींची यादी आहे, तिच्यात सूत्रधार आणि विदूषकाबरोबर मुकुट करणारा, दागिने करणारा, माळा करणारा, वेश करणारा, चित्रकार आणि कारुक, म्हणजे लाकूड-धातूचं काम करणारा कारागीर, यांची पदं वेगवेगळी दिली आहेत. ‘आणि सहकारी’ असं तिथे लिहिलेलं नाही. आपण प्राचीन वारशाबद्दल इतकं बोलतो, तर ही यादीही वारशात धरायला हरकत नसावी. शिवाय या सगळ्याला तिथे अभिनयाचा प्रकार म्हटलं आहे. चारूची झडप अभिनय करते, असं म्हणायला मला आता भरताचा आधार आहे.

मराठी चित्रपटाचा उगम तर याच मंडळींमध्ये आहे. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. म्हणजे एका कारागिरीचं नाव सोडून त्यांना दुसऱ्या कारागिरीचं चिकटलं, कारण ते आणि आनंदराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले आणि फत्तेलाल तयार झाले. मग 1929 साली कोल्हापुरात प्रभात निघाली, 1933 मध्ये पुण्याला गेली, आणि फत्तेलाल यांनी प्रभातचा कला विभाग सांभाळता सांभाळता दामल्यांबरोबर 1936 चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. तेव्हा कलेकडून दिग्दर्शनाकडे जायला जिना चढावा लागत नव्हता. आज त्याच जागेवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कला दिग्दर्शन आणि प्रॉडक्शन डिझाइन हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. ज्या भाषेतला चित्रपट पडदे रंगवणाऱ्यांनी सुरू केला, तिच्या समीक्षेत रंगवण्याबद्दल शब्द सापडू नयेत, याला काय म्हणावं?

आणि जिथे राजवाडे नसतात तिथे तर आपण आणखी गप्प होतो. ‘मुगल-ए-आझम’च्या शीशमहालावर सगळे बोलतात. जयवंत दळवींच्या ‘चक्र’वर निघालेल्या 1981 च्या हिंदी चित्रपटाबद्दल बोलताना आपण कादंबरी आठवतो, स्मिता पाटील आठवतो. त्या चित्रपटाचे कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त होते आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालं, हे मराठी माणसाला सांगितलं की तो विचारतो, झोपडपट्टीला कला दिग्दर्शन कशाला लागतं? हाच प्रश्न मी विसाव्या-एकविसाव्या वर्षी दीड पानात विचारला होता. मणिरत्नम यांच्या ‘नायकन’साठी (1987) तोट्टा तरणी यांनी मुंबईची धारावी मद्रासच्या स्टुडिओत उभी केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, तो चित्रपट पाहून धारावीबद्दल ‘अस्सल’ असा शब्द वापरणाऱ्यांची संख्या कमी नसेल. गरिबी आपोआप असते आणि श्रीमंती रचावी लागते, अशी एक समजूत आपल्या वास्तववादाच्या चर्चेत खोल बसलेली आहे. पत्र्याच्या भोकाला, ताडपत्रीच्या ठिगळाला रचनाकार असू शकतो हे कबूल केलं, तर ते ठिगळ तिथेच का आहे, असा प्रश्न विचारावा लागतो. मग खरी समीक्षा सुरू होते, आणि त्याला वेळ लागतो.

या तक्त्यातल्या एका शब्दासाठी मी गोरेगावच्या चित्रनगरीत गेले होते. नवीन भिंत जुनी करणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावं, हे विचारायला. मला ‘जुनवट’वरून काहीतरी घडवायची हौस होती. ओळखीतून भेटलेले काका चाळीसेक वर्षं हे काम करतात. म्हणाले, “आम्ही एजिंग म्हणतो. तुम्ही कशाला बदलताय?” मग त्यांनी सांगितलं, कागद आणि कापड चहाच्या पाण्यात बुडवतात. भिंतीला एकावर एक दोन-तीन रंग देतात आणि वरचा कुठे कुठे घासून काढतात. कुठे ते महत्त्वाचं. “बटणाच्या भोवती हात लागतो. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. खाटेच्या वर भिंतीला डोक्याचं तेल लागतं. तो डाग बसलेल्या माणसाच्या उंचीचा पाहिजे. नवीन पोरं उभ्या माणसाच्या उंचीवर मारतात.” घरात म्हातारं माणूस असेल तर डाग खाली आणतात, कारण ते वाकून बसतं. मी विचारलं, त्या घरात म्हातारं माणूस आहे हे तुम्हाला कोण सांगतं? ते म्हणाले, “स्क्रिप्टमध्ये नसतं. पण वरच्या मजल्याचं घर असलं आणि जिन्याला नवीन कठडा लावलेला असला, तर असतं ना कोणीतरी.”

मी घरी येऊन त्या प्रकरणात ‘एजिंग’च ठेवलं.

संपादकांशी तीनदा फोनवर बोलणं झालं. तक्ता वाचला, पण प्रकरणातून उठून पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात गेला. एक ओळ अजून कोरी आहे, ती स्टँडबायची. चित्रीकरण चालू असताना बाकी विभाग पुढच्या सेटच्या कामाला गेलेला असतो. हा एकटा कॅमेऱ्याशेजारी थांबतो. नट टेकून गेला आणि रंग उडाला तर तो लावतो, कॅमेरा हलला आणि भिंत जिथे संपते ती कड दिसू लागली तर ती झाकतो, दोन शॉटांच्या मध्ये कुणी पेला हलवला तर परत जागेवर ठेवतो. ‘राखीव’ म्हटलं तर बारावा खेळाडू होतो. ‘हजर’ म्हटलं तर शाळेतला पट. ‘पहाऱ्यावरचा’ लिहून दोनदा खोडलं आहे. प्रूफं सोमवारी द्यायची आहेत.